एक जागा, दोन विद्यार्थी: सिनसिनाटी विद्यापीठातील को-ऑप शिक्षणाचा इतिहास

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. काही महिने वर्गात आणि काही महिने पगारी नोकरीत घालवण्याची 'को-ऑप' ही पद्धती कोणत्या विद्यापीठात आणि कशी सुरू झाली, ती इंटर्नशिपहून वेगळी कशी, आणि तिच्यामुळे अमेरिकेत अभियांत्रिकीची पदवी चारऐवजी पाच वर्षांची का होते. मी पंचवीसहून अधिक वर्षे अमेरिकेत को-ऑप समन्वयक म्हणून काम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. मात्र तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच जागी सापडते आणि ती जागा म्हणजे वेळापत्रक.

आधी शब्दाबद्दल. 'को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन'चे मराठीत 'सहकारी शिक्षण' असे भाषांतर केले की डोळ्यांपुढे सहकारी संस्था उभी राहते आणि सगळा गोंधळ होतो. येथे सहकार्य आहे ते विद्यापीठ आणि उद्योग यांच्यात, एकाच विद्यार्थ्याला मिळून शिकवण्याचे. म्हणून मी 'को-ऑप' हाच शब्द वापरतो.

ही पद्धती विद्यापीठीय स्वरूपात पहिल्यांदा उभी राहिली ती ओहायो राज्यातील सिनसिनाटी विद्यापीठात, सप्टेंबर १९०६ मध्ये. तिचा कर्ता हर्मन श्नायडर. १८७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील समिट हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात त्याचा जन्म झाला. लीहाय विद्यापीठात शिकताना तो एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात काम करत असे. १८९४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याने काही काळ पश्चिमेकडे रेल्वेचे पूल बांधण्याचे काम केले आणि १८९९ मध्ये तो लीहायमध्येच शिकवायला परतला. स्वतः अर्धे आयुष्य कामावर आणि अर्धे वर्गात काढलेल्या या माणसाला शिक्षक म्हणून दोन गोष्टी खटकू लागल्या. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी जे लवकर उपयोगी ठरत, त्यांच्यातील बहुतेकांनी शिकत असतानाच कुठे ना कुठे काम केलेले असे. शिवाय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लाखो डॉलर ओतले, तरी कारखान्यातील यंत्रे तिच्या चार पावले पुढेच असत.

एका संध्याकाळी लीहायच्या आवारातून जाताना शेजारच्या पोलाद कारखान्यातील बेसेमर भट्टीचा लोळ त्याला दिसला आणि 'प्रयोगशाळा तर कुंपणापलीकडेच आहे' असे त्याच्या मनात आले, अशी कथा या क्षेत्रातील प्रत्येक जण सांगतो. मला ती जरा जास्तच घोटून गुळगुळीत झालेली वाटते. कल्पना एका ज्वाळेत सुचली असेलही, पण ती अमलात आणण्याचा मार्ग सापडायला आणखी काही वर्षे गेली. लीहायने ती स्वीकारली नाही. १९०३ मध्ये श्नायडर सिनसिनाटीला स्थापत्य अभियांत्रिकीचा साहाय्यक प्राध्यापक म्हणून आला आणि तेथे दोन गोष्टी त्याच्या पथ्यावर पडल्या. ते शहर तेव्हा अमेरिकेतील यंत्रनिर्मितीचे, म्हणजे लेथ, मिलिंग मशीन, ड्रिलिंग मशीन यांसारखी यंत्रे घडवणाऱ्या कारखान्यांचे, मोठे केंद्र होते. दुसरी गोष्ट अशी की हे विद्यापीठ नगरपालिकेचे होते आणि शहराच्या करांवर चालत असे. त्यामुळे शहरातील कारखानदाराला 'आमच्यासाठी तुम्ही काय करता' असे विद्यापीठाला विचारण्याचा हक्क होता, आणि तो हक्क ते बजावतही असत. कारखानदारांपैकी सिनसिनाटी मिलिंग मशीन कंपनीचे फ्रेडरिक गायर यांचा पाठिंबा विशेष मोलाचा ठरला, तर विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स डॅबनी यांनी ही कल्पना विश्वस्तांपुढे लावून धरली.

विश्वस्तांनी मंजुरी दिली ती मोठ्या नाखुशीने. एक वर्षापुरता प्रयोग करायला हरकत नाही, पण तो फसल्यास जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाचा ठराव त्यांनी केला. सरकारी फाइलवर 'आपल्या जबाबदारीवर' असा शेरा मारणाऱ्या कोणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. २७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी सुरू झाली. त्यांतले १२ यांत्रिकी, १२ विद्युत आणि ३ रसायन अभियांत्रिकीचे होते. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता.

कामाला गेलेला विद्यार्थी काही तरी शिकतोच, हे काही श्नायडरचे संशोधन नव्हते. उमेदवारीची पद्धत शेकडो वर्षांची जुनी आहे. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या तांत्रिक महाविद्यालयाने १९०३ मध्येच काही महिने कारखान्यात आणि काही महिने महाविद्यालयात असा 'सँडविच' अभ्यासक्रम सुरू केला होता. श्नायडरला सोडवायची होती ती वेगळीच, अगदी रोकडी अडचण. कारखान्यातील यंत्र आठवड्यातून सहा दिवस चालायला हवे. विद्यार्थी एक आठवडा आला आणि पुढच्या आठवड्यात वर्गात बसला, तर फोरमनच्या दृष्टीने तो कामगार निरुपयोगीच, कारण त्याच्या रिकाम्या आठवड्यात यंत्र चालवणार कोण? यावर त्याने विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जागा, दोन विद्यार्थी. 'अ' कारखान्यात असेल तेव्हा 'ब' वर्गात, आणि पुढच्या सोमवारी अदलाबदल. कारखान्याला कायम एक माणूस मिळाला. विद्यापीठाला तोच धडा दोनदा शिकवावा लागला, पण तेवढ्याच खोल्यांत आणि तेवढ्याच बाकांवर दुप्पट विद्यार्थी सामावले.

या जोडीचा एक बारकावा मला फार आवडतो. वर्गात असलेला विद्यार्थी शनिवारी सकाळी कारखान्यात जाई आणि आपल्या जोडीदाराच्या शेजारी उभा राहून काम कुठवर आले आहे हे पाहून घेई. लेथवर कोणता दांडा चढवला आहे, किती कापून झाले, हत्यार कधी पाजळले, फोरमनने काय बजावले आहे, हे सगळे तेथेच, यंत्र चालू असतानाच, एकाकडून दुसऱ्याकडे जाई. सोमवारी भोंगा वाजला की तो थेट कामाला लागे. आज आम्ही विद्यार्थ्यांकडून हस्तांतराचे कागद भरून घेतो, त्यात रकाने असतात आणि त्यांतले निम्मे 'लागू नाही' असे लिहून परत येतात. आपले काम दुसऱ्याला समजेल असे सांगता येणे हे त्या शनिवारच्या अर्ध्या तासात जितके शिकून होत असे, तितके आमच्या कागदांनी कधीच झाले नाही.

काम मनाला येईल तसे दिले जात नसे, त्याचाही क्रम ठरलेला असे. विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रथम ओतशाळेत जाई, तेथून यंत्रशाळेत, मग मोटारीची गुंडाळी, जुळणी आणि चाचणी या विभागांत, आणि शेवटी आरेखन आणि विक्री. म्हणजे ज्या वस्तूचा आराखडा तो पुढे काढणार, तिचा साचा वाळूत कसा पाडतात हे त्याला आधी ठाऊक झालेले असे. पगार कारखानाच देई, आणि विद्यार्थ्याने कारखान्याची शिस्त इतर कामगारांप्रमाणेच पाळायची असे. वेळेवर न येणाऱ्याला प्राध्यापक एखादे वेळी माफ करतील, फोरमन करणार नाही, हा धडाही त्यातच आला.

आता त्या पदाबद्दल, ज्यावर मी आयुष्य काढले. कारखाना आणि वर्ग यांच्यात सतत ये-जा करणारा माणूस नेमावा लागेल हे श्नायडरने सुरुवातीलाच ओळखले. त्याला समन्वयक म्हणतात. तो सकाळी विद्यापीठात असे आणि दुपारी कारखान्यांतून फिरे. विद्यार्थी लेथवर उभा असताना तो त्याच्याशी बोले आणि पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी वर्गात आला की त्या कामामागचे गणित, यंत्रशास्त्र, धातूंचे गुणधर्म यांच्याशी त्याची सांगड घालून देई. या खास तासिकांमध्ये प्रश्न असत ते त्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिलेल्या कामाचे: हे हत्यार इतक्या लवकर बोथट का झाले, हा पट्टा का घसरतो, या ओतीव भागाला तडा कोठून गेला. माझ्या मते को-ऑपचा खरा शोध म्हणजे ही जोडी आणि हा समन्वयक. विद्यार्थ्याला कामावर पाठवणे सोपे असते. त्याला तेथून परत आणून काय पाहिलेस हे विचारण्याची जबाबदारी विद्यापीठाने घेणे, हे नवे होते.

यानंतर सिनसिनाटीचा इतिहास बराचसा वेळापत्रकाच्या फेरफारांचाच आहे. एका आठवड्याची पाळी फार छोटी निघाली. कारखान्यात हात बसतो न बसतो तोच वर्गाची वेळ होई आणि वर्गात एखादे प्रमेय अर्धवट राहिले की ते विसरूनच विद्यार्थी परत येई. म्हणून पाळी दोन आठवड्यांची केली, मग चार, पुढे आणखी लांब, आणि अखेरीस विद्यापीठाच्या पूर्ण सत्राएवढी. सहा वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांवर आला, आणि संपूर्ण अभियांत्रिकी शाखाच या पद्धतीवर गेली. १९१९ मध्ये वाणिज्य शिक्षणालाही ती लागू झाली. पाळी लांबल्यामुळे विद्यार्थ्याला शहराबाहेर, दुसऱ्या राज्यातही काम घेता येऊ लागले; एका आठवड्यासाठी कोणी घर बदलत नाही, तीन महिन्यांसाठी बदलतो. पण त्याच वेळी ती शनिवारची भेट संपली आणि समन्वयकाच्या दुपारच्या फेऱ्या कमी होत गेल्या. प्रत्येक सुधारणेची अशी किंमत असते, आणि ही आम्ही चुकवत आलो आहोत.

श्नायडर स्वतः १९०६ पासून १९२८ पर्यंत अभियांत्रिकी शाखेचा अधिष्ठाता होता, पुढे १९२९ ते १९३२ विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९३९ मध्ये वारला. त्याच्या कामाची आणखी एक बाजू आज फारशी कोणाला ठाऊक नाही. हजारो विद्यार्थ्यांना कामावर पाठवताना कोणाला कुठे पाठवावे, हा प्रश्न त्याला रोज पडे. त्या काळात चेहऱ्याच्या ठेवणीवरून, केसांच्या रंगावरून, बोटांच्या लांबीवरून माणसाचा स्वभाव आणि योग्य व्यवसाय सांगणारे लोक कारखानदारांना सल्ले विकत असत. श्नायडरने असले ठोकताळे आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाशी ताडून पाहिले आणि ते खोटे ठरवले. त्याऐवजी त्याने गुणांच्या जोड्या मांडल्या: एका जागी रमणारा की भटकण्याची ओढ असलेला, छपराखालच्या कामाचा की मोकळ्या हवेतल्या, इतरांना चालवणारा की कोणाच्या हाताखाली चांगले काम करणारा, नवे रचणारा की दिलेले चोख उतरवणारा, विचार करून हात घालणारा की झटक्यात निर्णय घेणारा. हे ओळखायचे ते वर्षभरात दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष काम करवून. आजच्या मानसशास्त्राला ही यादी ओबडधोबड वाटेल, पण नोकरी बदलून बदलून स्वतःची ओळख पटवून घेण्याची मुभा शिकतानाच मिळावी, हा त्यातला विचार आजही टिकून आहे. एका सत्रात आपल्याला हे काम मुळीच आवडत नाही असे कळलेला विद्यार्थी मला नेहमी फायद्यात गेलेला वाटतो.

प्रसार झपाट्याने झाला. बोस्टनमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या रात्रशाळांमधून वाढलेल्या संस्थेने, म्हणजे आजच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने, १९०९ मध्ये को-ऑप सुरू केला. जॉर्जिया टेक, ॲक्रन, ड्रेक्सेल या संस्था त्यापाठोपाठ आल्या. मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथे तर १९०८ मध्येच माध्यमिक शाळेत हा प्रयोग झाला. या सगळ्यांत वेगळे वळण दिले ते ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयाने. १९१३ च्या डेटन येथील महापुरानंतर तेथील पूरनियंत्रणाची धरणे बांधणारे अभियंते आर्थर मॉर्गन यांनी १९२१ मध्ये अँटिऑकमध्ये को-ऑप आणला, तो साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्यांसाठीही. व्यवसायाचे शिक्षण एवढाच त्यांचा हेतू नव्हता. कामाने माणूस घडतो अशी त्यांची धारणा होती. येथून को-ऑपचे दोन पंथ झाले, एक व्यवसाय शिकवणारा आणि दुसरा माणूस घडवणारा, आणि आजही प्रत्येक विद्यापीठाच्या समितीत हे दोन पंथ एकमेकांशी वाद घालताना दिसतात.

दोषही सांगायला हवेत. शिक्षणाचा अर्धा भाग मालकाच्या हाती दिला की मालकाचे पूर्वग्रहही अभ्यासक्रमात येतात. ज्याला वर्णामुळे किंवा स्त्री म्हणून कारखान्याच्या दारात घेत नसत, त्याला विद्यापीठ प्रवेश देऊनही अर्धेच शिक्षण देऊ शके. आणि मंदी आली की जागा आटतात. १९३० च्या दशकात नेमके तेच झाले, आणि प्रत्येक मंदीत नव्याने होते.

अमेरिकेबाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण वेळापत्रकाचा मुद्दा त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. कॅनडात ओंटारिओ प्रांतातील वॉटर्लू येथे जेराल्ड हेगी हे एका छोट्या महाविद्यालयाचे प्रमुख होते. पूर्वी ते बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीत जाहिरात आणि जनसंपर्क पाहत. त्याच कंपनीच्या कॅनडातील शाखेचे अध्यक्ष आयरा नीडल्स यांनी १९५६ च्या ऑगस्टमध्ये रोटरी क्लबमध्ये भाषण करून को-ऑपवर आधारित तांत्रिक शिक्षणाची योजना मांडली. जुलै १९५७ मध्ये ७४ विद्यार्थी घेऊन, तात्पुरत्या उभारलेल्या दोन इमारतींत, वर्ग सुरू झाले. तेथे जुन्या विद्यापीठाचे जुने वेळापत्रक मोडून को-ऑप बसवावा लागला नाही. विद्यापीठच को-ऑपभोवती बांधले गेले, वर्षभर वर्ग चालू राहिले, आणि म्हणूनच तेथे ही पद्धती इतकी खोलवर रुजली की आज वॉटर्लूचा को-ऑप जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो.

याउलट अमेरिकेत उलटा अनुभव आला. उच्च शिक्षणाच्या कायद्यात १९६८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारकडून को-ऑपसाठी अनुदान मिळू लागले. बघता बघता शेकडो महाविद्यालयांनी को-ऑप कार्यालये उघडली. १९९० च्या दशकात अनुदान आटले आणि त्यातली अनेक कार्यालये बंद झाली. मला यात आश्चर्य वाटत नाही. त्या संस्थांनी समन्वयक नेमले ते अनुदानाच्या पैशांतून, आणि वेळापत्रकाला मात्र हात लावला नाही. शरद सत्रात शिकवलेला विषय पुढच्या शरदातच पुन्हा शिकवला जात असे. वसंत सत्रात कामावर गेलेल्या विद्यार्थ्याचा एक विषय चुकला की पुढचे तीन अडत आणि पदवी वर्षभर लांबे. असा विद्यार्थी दुसऱ्यांदा कामावर जात नाही. सिनसिनाटी, नॉर्थईस्टर्न, ड्रेक्सेल टिकले, कारण तेथे मुख्य विषय वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा शिकवण्याचा खर्च विद्यापीठ स्वतः उचलत होते.

इंटर्नशिपशी फरक आता सांगणे सोपे जाईल. इंटर्नशिप बहुधा एका उन्हाळ्याची असते. ती विद्यार्थी स्वतः शोधतो, आणि तिचे पुढे काय झाले हे विद्यापीठाला कळेलच असे नाही. को-ऑपमध्ये काम पूर्ण सत्राचे, पूर्णवेळ आणि पगारी असते, ते एकदा न होता तीन ते सहा वेळा होते, दर वेळी काम आधीपेक्षा वरच्या पायरीचे असावे अशी अपेक्षा असते, आणि मधे विद्यापीठाचा माणूस असतो. हा शेवटचा मुद्दा कागदावर क्षुल्लक दिसतो. माझ्या पहिल्या काही वर्षांत एका कंपनीने आमच्या विद्यार्थ्याला चार महिने केवळ जुने आराखडे स्कॅन करायला बसवले होते. त्याने अहवालात 'संघभावना शिकलो' असे लिहिले, आणि मी कामाच्या ओझ्यात भेट टाळली होती म्हणून ते खपून गेले. चूक कंपनीची होती, तशी माझीही होती.

त्यानंतर मी भेट कधी टाळली नाही. अशाच एका भेटीत तिसऱ्यांदा को-ऑपवर आलेल्या एका विद्यार्थिनीने मला यंत्राजवळ नेऊन एक दांडा हातात दिला. वर्गात तिने त्याच प्रकारच्या भागाच्या आराखड्यावर अगदी काटेकोर मापमर्यादा, म्हणजे मापात किती फरक चालेल याची मर्यादा, लिहिली होती आणि तिला त्याचे पूर्ण गुणही मिळाले होते. येथे तिला कळले की तेवढ्या अचूकतेसाठी दांडा लेथवरून उतरवून ग्राइंडिंगला न्यावा लागतो, वेळ जवळपास दुप्पट लागतो, आणि ज्या बुशमध्ये तो बसतो त्याला त्या अचूकतेची गरजच नसते. तिने मर्यादा सैल करून पुन्हा लिहिली होती आणि फोरमनने त्यावर सही केली होती. पुढच्या सत्रात मी तिला तो आराखडा वर्गात फळ्यावर काढायला लावला.

शेवटी पाच वर्षांचा हिशेब. पदवीसाठी वर्गाची आठ सत्रे लागतात. सिनसिनाटी विद्यापीठ २०१२ मध्ये तिमाही सोडून दोन मुख्य सत्रांच्या पद्धतीवर आले; या पद्धतीत अभियांत्रिकीचा विद्यार्थी साधारणतः पाच सत्रे कामावर घालवतो. आठ आणि पाच मिळून तेरा. चार वर्षांत पहिल्या शरदापासून शेवटच्या वसंतापर्यंत चार शरद, चार वसंत आणि मधले तीन उन्हाळे अशी अकराच सत्रे मिळतात. पाच वर्षांत चौदा मिळतात. त्यांतली तेरा भरतात, आणि उरलेले एक, बहुधा पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा, मोकळे राहते. म्हणजे पाचव्या वर्षात अभ्यास वाढत नाही. कामासाठी काढलेली पाच सत्रेच तेवढी जागा मागतात, आणि त्या सत्रांचा पगार विद्यार्थ्याच्या हातात पडतो.